मागच्या एक्सलचं गणित : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सवर लिहिलं होतं. त्यावर आलेले बरेचसे प्रश्न मात्र त्याच्याही मागचे निघाले: प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जोर नेणारा दांडा), क्राऊन-पिनियन (त्या शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक पिनियन, ते फिरवतं ते मोठं क्राऊन; दोन्ही एक्सलच्या मधल्या डिफरन्शिअलमध्ये असतात), एक्सलमधलं तेल. चवथ आटोपून पाऊस ओसरला की गोव्यातल्या जुन्या गाड्या शेडबाहेर निघतात. म्हणून हे प्रश्न आत्ताच घेतो आहोत.

आमच्याकडे १९६० ची मॉरिस मायनर १००० आहे, ९४८ सीसीची. पणजीला जाताना ७०-८० च्या वेगाला इंजिन फार ओरडतं. ४.२२ चा डिफरन्शिअल बसव, असं दोघातिघांनी सुचवलं. बसवू का? आणि आत्ता आत कोणता आहे, हे न उघडता कसं कळेल?
— एक वाचक, फोंडा

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊ, कारण तो आकडा हातात आल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मागचं एकच चाक उचला आणि एक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर हे काम करू नका. दुसरं मागचं चाक जमिनीवरच राहू द्या, त्यालाही ठोकळे लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या टायरवर खडूची एक रेघ ओढा, प्रॉपेलर शाफ्टवर दुसरी. एकानं चाक बरोबर २० वेळा फिरवायचं, दुसऱ्यानं शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक जमिनीनं धरून ठेवलेलं असल्यामुळे मोकळं चाक दुप्पट फिरतं, म्हणून २० फेऱ्यांचा हिशेब १० चा धरायचा. शाफ्टचे साडेपंचेचाळीस फेरे भरले तर रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो आकडा) ४.५५५ (पिनियनला ९ दात, क्राऊनला ४१). बेचाळीसच्या थोडे वर भरले तर ४.२२२ (९ आणि ३८). आणि त्रेपन्न-चोपन्न भरले, तर कुणीतरी पूर्वी ८०३ सीसीच्या मायनरचा ५.३७५ चा डिफरन्शिअल बसवून ठेवला आहे, आणि ओरडण्याचं कारण तिथेच सापडलं.

आता वेगाचा हिशेब. टायरमध्ये रोजच्याइतकी हवा ठेवून जमिनीवर आणि टायरवर एकाच रेषेत खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा घ्या आणि जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा. ते १.८० मीटर आलं असं धरू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ७४१ फेरे. टॉप गिअर थेट असल्यामुळे याला रेशोनं गुणलं की इंजिनाचे फेरे मिळतात: ४.५५५ वर सुमारे ३,३७५ आणि ४.२२२ वर सुमारे ३,१३०. फरक सात टक्क्यांच्या जरा वर. कानाला तो नक्की जाणवेल, पण फेरे जेवढे कमी होतात तेवढीच चाकावरची ओढही कमी होते.

मॉरिसनं हे आकडे कसे बदलत नेले ते पाहण्यासारखं आहे. ८०३ सीसीचं इंजिन ३० अश्वशक्तीचं, त्याला ५.३७५. ९४८ चं ३७ अश्वशक्तीचं, त्याला ४.५५५. १९६२ मध्ये १०९८ सीसीचं ४८ अश्वशक्तीचं इंजिन आलं, तेव्हा ४.२२२. इंजिनाची ताकद जसजशी वाढली तसतसा मागचा रेशो उतरत गेला, आणि त्या शेवटच्या गाडीला पुढचे ब्रेक ड्रमही ७ इंचांवरून ८ इंचांचे दिले. तुमचं इंजिन ३७ चं आणि ब्रेक ७ इंचांचे. तेव्हा गाडीत बहुधा दोघंच असतील आणि फिरणं फोंडा, पणजी, मडगाव एवढंच असेल, तर ४.२२२ चालेल; फर्मागुडीच्या चढावर एक गिअर खाली घ्यावा लागेल इतकंच. पण चौघांना घेऊन चोर्ला घाटानं बेळगावला जायचं असेल तर आहे तोच ठेवा. आमचं मत विचाराल तर ९४८ च्या मायनरला ६०-६५ हाच वेग शोभतो, आणि त्या वेगाला ती ओरडत नाही. ओरडत असेल तर आधी सायलेन्सर आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग बघा.

बदलायचंच ठरलं, तर काम एका दिवसाचं आहे. तेल काढा. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) खूण करून तो सोडा. ड्रम काढा, हाफ शाफ्टच्या फ्लँजचा स्क्रू काढा आणि दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शिअलपासून चाकांपर्यंतचे दांडे) दहाएक सेंटिमीटर बाहेर ओढा. ते पूर्ण काढायची गरज नसते. मग डिफरन्शिअलच्या कॅरिअरचे (क्राऊन-पिनियन ज्यात बसतात त्या भागाचे) नट सोडून तो पुढच्या बाजूनं काढा. जड आहे, खाली एक माणूस हवाच. विकत घेताना दात मोजूनच घ्या, वरच्या रंगावर किंवा तोंडी खात्रीवर जाऊ नका. १९५० च्या आसपासच्या पहिल्या मायनरांचा एक्सल निराळ्या बांधणीचा होता, त्यातला कॅरिअर तुमच्या हाऊसिंगला (एक्सलच्या कवचाला) बसत नाही. नवीन पेपर पॅकिंग लावा आणि सुमारे ०.८५ लिटर ९० नंबरचं हायपॉइड (अशा क्राऊन-पिनियनसाठीचं) तेल भरा. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्याला मागचा बदल कळत नाही: काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६५ ला टेकलेली असेल.

याच संदर्भात: रेशो बदलला तर विंटेज नोंदणीला बाधा येते का?
— एक वाचक, पर्वरी

२०२१ च्या दुरुस्तीनंतरचा केंद्रीय नियम ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा असं सांगतो. मूळ हाऊसिंगमध्ये त्याच कंपनीचा दुसरा कॅरिअर बसवणं हा चॅसिसमधला बदल होत नाही. तरीही मूळ कॅरिअर विकू नका. तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून, त्यावर गाडीचा नंबर लिहून ठेवा.

अँबॅसिडरचं पिनियनचं बेअरिंग गेलं आणि पिनियनचे दात खराब झाले. मिस्त्रीनं फक्त पिनियन बदलला. क्राऊन चांगला दिसत होता म्हणून तोच ठेवला. आता ४० च्या पुढे ॲक्सिलरेटर दाबला की ‘कूंऽऽ’ असा आवाज येतो, पाय उचलला की थांबतो. १४० नंबरचं जाड तेल घातलं, पण फरक नाही.
— एक वाचक, म्हापसा

हा आवाज तेलानं जाणार नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. दोन जोड्यांतला एकेक घेतला की दातांची संख्या जुळते, दातांचा घाट जुळत नाही. दाताचा वरचा कठीण थर जेमतेम मिलिमीटरभर असतो. ‘चालवून चालवून बसेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो थर खपल्या पडून निघतो आणि त्या खपल्या सगळ्या बेअरिंगांतून फिरतात.

तुमचा क्राऊन वरून चांगला दिसत असला तरी तो चांगला नाही, याचं कारण दातांच्या संख्येतच आहे. पिनियनचे ८ आणि क्राऊनचे ३९ दात धरा; या दोन्हींना एकाच आकड्यानं भाग जात नाही. मायनरचे ९ आणि ४१, जीपचे ८ आणि ४३, फोर्डचे ९ आणि ३४ घ्या, बहुतेक जोड्या अशाच निवडलेल्या असतात. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीनं क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो. पिनियनचे ३९ फेरे झाले की सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडून झाली. झीज सारखी वाटली जावी म्हणून ही योजना, पण पिनियनचा एक दात फुटला की त्याची खूण क्राऊनच्या एकोणचाळीसही दातांवर उमटते. तेव्हा नवी किंवा सुस्थितीतली, नंबर जुळणारी पूर्ण जोडी घ्या.

जोडी बसवताना क्रम पाळा. पहिल्यांदा पिनियन, बेअरिंगं आणि त्यांचा ताण. पिनियनच्या फ्लँजभोवती सुतळी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्यानं ओढा. पिनियन फिरता राहायला जेवढे किलो लागतात ते गुणिले फ्लँजची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, हा झाला ताण. ३ किलो ओढ आणि ४ सेंटिमीटर त्रिज्या असेल तर १२ किलो-सेंटिमीटर. तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी हा ताडून पाहा. ऑइल सील बसवण्याआधी मोजा, नाहीतर सीलचं घर्षणही त्यात धरलं जातं. मग क्राऊन बसवून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, बघा. क्राऊनवर आकडा कोरलेला असेल तर तोच पाळा. डायल गेज क्राऊनच्या दातावर काटकोनात लावा, आणि एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. चार ठिकाणी मोजा. चारही आकडे जुळले नाहीत तर क्राऊनच्या मागे कचरा अडकला आहे किंवा बोल्ट वाकडेतिकडे आवळले गेले आहेत.

बहुतेक गॅरेजांत इथे काम संपतं, आणि आवाज इथूनच सुरू होतो. बॅकलॅश बरोबर असूनही पिनियन खोल किंवा उथळ बसलेला असू शकतो. ते बघायला शेंदूर लागतो. पूजेच्या दुकानात मिळणारी कुठलीही नारिंगी पूड नको, हार्डवेअरवाल्याकडचा शिशाचा शेंदूर घ्या, त्यात मशीन ऑइलचे थेंब घालून लोण्याइतका घट्ट लेप करा आणि क्राऊनच्या आठ-दहा दातांना दोन्ही बाजूंनी पातळ लावा. शिसं विषारी आहे, हातमोजे घाला आणि हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका. एकानं लाकडी पट्टीनं क्राऊन दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा. नुसता हलका फिरवला तर ठसा खोटा पडतो. जिथे दात टेकतात तिथला शेंदूर पुसला जाऊन लख्ख धातू दिसतो.

तो ठसा दाताच्या मध्यावर, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला हवा. भार आला की तो आपोआप बाहेर सरकतो. ठसा दाताच्या माथ्याकडे पडला तर पिनियन क्राऊनच्या मध्यापासून दूर आहे, त्याच्या डोक्यामागचा वॉशर जाड घ्या. बुंध्याकडे पडला तर पिनियन फार खोल, वॉशर पातळ करा. आतल्या टोकाला गोळा झाला तर क्राऊन पिनियनपासून लांब न्या, बाहेरच्या टोकाला झाला तर जवळ आणा. क्राऊन सरकवताना एका बाजूची जितकी शिम (पातळ चकती) काढाल तितकीच दुसऱ्या बाजूला घाला, म्हणजे बेअरिंगांचा ताण बदलत नाही. पिनियनचा वॉशर एका वेळी ०.०५ मिलिमीटरच्या पावलानं बदला, आणि दर वेळी बॅकलॅश पुन्हा मोजा, कारण एक हललं की दुसरं हलतं. चार-पाच वेळा उघडझाप होणार हे धरूनच कामाला बसा. जो मिस्त्री पहिल्याच फटक्यात ‘झालं’ म्हणतो त्यानं शेंदूर लावलेला नाही.

तुमचा आवाज फक्त ओढ असताना येतो. म्हणजे दाताच्या फुगीर बाजूचा ठसा बिघडलेला आहे. पाय उचलल्यावरच येत असता तर दुसरी, खोलगट बाजू पाहावी लागली असती. आणि ओढ असो वा नसो, एकसारखी घरघर राहिली असती तर बेअरिंग. नवी जोडी बसल्यावर पहिले दोनशे किलोमीटर हळू चालवा. पहिल्या पंधरावीस किलोमीटरनंतर थांबून हाऊसिंग गार होऊ द्या. आठशेला तेल बदला. आणि १४० चं तेल काढून मॅन्युअलप्रमाणे ९० चं हायपॉइड भरा.

१९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे. युनिव्हर्सल जॉइंट बदलायचा आहे, पण खाली शाफ्ट दिसतच नाही, नुसती जाड नळी आहे. शिवाय डिफरन्शिअलचा भरण्याचा प्लग उघडला की तेल बाहेर येतं. जास्त कुणी भरलेलं नाही.
— एक वाचक, पेडणे

ती नळी म्हणजे टॉर्क ट्यूब, आणि शाफ्ट तिच्या पोटात आहे. मायनर किंवा अँबॅसिडरमध्ये शाफ्ट उघडा असतो आणि गाडीला पुढे ढकलण्याचं काम मागचे पाटे करतात: चाक रस्त्याला रेटतं, तो रेटा एक्सलमधून पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागात आणि तिथून चॅसिसला जातो. फोर्डचे पाटे आडवे असतात. ते भार पेलतात, पण पुढे-मागे रेटा घेऊ शकत नाहीत. म्हणून एक्सलला नळी जोडून तिचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे एका गोलात बसवलं आणि सगळा रेटा तिथे नेला. फोर्डनं ही रचना १९४८ पर्यंत ठेवली, शेवरोलेनं १९५४ पर्यंत. सगळ्या शाफ्टला मिळून एकच जॉइंट, आणि तो त्या गोलात.

त्यामुळे जॉइंट बदलायला अख्खा एक्सल मागे न्यावा लागतो. पाट्यांच्या टोकाचे शॅकल ठोकून काढू नका. पाटे ताणून बसवलेले असतात आणि सुटले तर हात तोडतील. मधले यू-बोल्ट सोडा, पाटे एक्सललाच राहू द्या. ब्रेकच्या सळया सोडा, गोलाचं झाकण सोडा. चॅसिस मागून उंच उचलून भक्कम स्टँडवर घ्या आणि एक्सल, नळी, पाटे आणि चाकं असं सगळं एकत्र मागे ढकलत न्या.

तेलाचं कारण वेगळं नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूनं झिरपलेलं तेल नळीतून उतरून डिफरन्शिअलमध्ये जमतं. तिथली पातळी वाढली की ते एक्सलच्या टोकांनी ब्रेकवर येतं. गिअरबॉक्सचं तेल घटतंय का बघा, नक्की घटत असेल. नळी उघडलीच आहे तर गिअरबॉक्सच्या मागचं आणि शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगजवळचं सील बदलून घ्या. मागचे हबही तेव्हाच काढून बघा. मॉडेल ए मध्ये हबमधलं रोलर बेअरिंग थेट हाऊसिंगच्या टोकावर फिरतं, आणि त्या टोकाच्या खालच्या बाजूला झिजून खाच पडते. नखानं चाचपून पाहा. खाच लागली तर नवं बेअरिंग घालून उपयोग नाही, टोकच दुरुस्त करावं लागेल. हब बसवताना टेपर (शाफ्टचा निमुळता भाग) कोरडा आणि स्वच्छ हवा. चाक फिरवण्याचा जोर टेपर घेतो, चावी (शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी) घेत नाही. नट सैल राहिला की तो जोर चावीवर येतो आणि चावी कापली जाते. शंभर पौंड-फुटांच्या खाली तो नट आवळूच नका आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

मॉडेल टी चा एक्सल खोलून साफ करून जोडला. आता गाडी दोन्ही पुढच्या गिअरमध्ये मागे जाते आणि रिव्हर्समध्ये पुढे!
— एक वाचक, मडगाव

क्राऊन पिनियनच्या उजवीकडे बसला आहे, तो डावीकडे हवा. मागून पाहिलं तर शाफ्ट घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे पिनियनची डावी कड खाली जाते. क्राऊन डावीकडे असेल तर त्याचा पुढचा भाग खाली ओढला जातो आणि चाक पुढे लोळतं. उजवीकडे असेल तर सगळं उलटं. पुन्हा खोला, आणि खोललंत ते बरंच झालं, कारण आता एक गोष्ट बघायलाच हवी.

मॉडेल टी च्या एक्सलमध्ये क्राऊनचा बाजूचा रेटा घेणारे थ्रस्ट वॉशर मूळचे बॅबिटचे, म्हणजे मऊ पांढऱ्या धातूचे असतात. इतक्या वर्षांनी त्यांचा भुगा होतो. ते फुटले की क्राऊन पिनियनपासून दूर सरकतो आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या ड्रमवर आहे. संबंध तुटला की ओढही गेली आणि ब्रेकही गेला. आल्तिनोच्या उतारावर हे झालं तर हाती फक्त मागच्या चाकांचा हँडब्रेक उरतो. ब्रॉन्झचे वॉशर बसवल्याशिवाय मॉडेल टी रस्त्यावर आणूच नका. वॉशर चांगले दिसले तरी बदला.

जुन्या जीपचा पुढचा एक्सल बदलल्यापासून फोर-व्हील लावला की गाडी जड होते आणि ट्रान्सफरचा दांडा निघत नाही.
— एक वाचक, वाळपई

दोन्ही एक्सलचे रेशो वर सांगितल्याप्रमाणे मोजा. युद्धकाळातल्या विलिसचा ४.८८ (८ आणि ३९), नंतरच्या सीजे जीपचा ५.३८ (८ आणि ४३). दोन्ही एक्सल बाहेरून भावंडांसारखे दिसतात, म्हणून अदलाबदल होते. एक पुढे आणि एक मागे असा बसला तर एकाच शाफ्टच्या वेगाला पुढची आणि मागची चाकं दहा टक्के वेगळ्या गतीनं फिरू पाहतात. चिखलात टायर घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर तो निघायला जागा नसते आणि सगळी साखळी पिळली जाते. दांडा अडकतो तो त्या पिळामुळे. अडकला तर ओढाताण करू नका, थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटेल. रेशो जुळेपर्यंत फोर-व्हील लावू नका. जुळल्यानंतरही कोरड्या डांबरावर लावायचा नसतोच.

प्युजो ४०३ च्या डिफरन्शिअलमध्ये कोणतं तेल घालावं? गॅरेजवाला जीएल-५ म्हणतो, तेच सर्वांत चांगलं म्हणे.
— एक वाचक, वास्को

तुमच्या गाडीत क्राऊन-पिनियन नाहीच. प्युजोनं २०३, ४०३ आणि ४०४ मध्ये वर्म वापरला: अनेक आट्यांचा पोलादी स्क्रू आणि त्यानं फिरणारं ब्रॉन्झचं चाक. आवाज जवळजवळ नाही, पण दात एकमेकांवर लोळण्याऐवजी घसरतात, म्हणून सगळी भिस्त तेलावर. जीएल-५ (हायपॉइडसाठीच्या) तेलातला गंधक पोलादाला वाचवतो. तेल तापलं की तोच ब्रॉन्झला खातो. हायपॉइडसाठी उत्तम असलेलं तेल इथे नुकसान करतं. पूर्वी या गाड्यांना एरंडेलावर आधारित तेल घालत. आज वर्म गिअरसाठीचं, ब्रॉन्झला सुरक्षित असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं तेल घ्या. आत एरंडेलाचं जुनं तेल असेल तर त्यात खनिज तेल मिसळू नका. दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, चिकट साका धरतो. गाडी चालवून तेल कोमट असताना काढा, पूर्ण निथळू द्या. निघालेलं तेल पांढऱ्या बशीत उन्हात धरा. सोनेरी धूळ चमकली तर ब्रॉन्झ झिजतोय. कण बोटाला खरखरीत लागले तर चालवू नका, झाकण उघडा.

हिलमन मिंक्स गिअर टाकून सुटताना मागे ‘खट्’ असा आवाज करायची. दोन्ही युनिव्हर्सल क्रॉस बदलले. खट् गेलं, पण आता ५५ च्या वेगाला सगळी गाडी थरथरते.
— एक वाचक, डिचोली

शाफ्ट जोडताना सरकती बाही एखाद-दुसरा दात फिरून बसली आहे. शाफ्ट तिरक्या कोनात असला की युनिव्हर्सल जॉइंटमधला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरवतो. एकाच शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान (क्रॉस धरणारे फाटे) एका सपाटीत असतील तर पुढच्या क्रॉसनं केलेली चूक मागचा क्रॉस भरून काढतो. नसतील तर दोन्ही चुका वाढत जातात. खाली जाऊन दोन्ही टोकांचे कान डोळ्यानं जुळवून पाहा. बहुतेक शाफ्टवर बाणही असतात, गंज खरवडला की दिसतात.

तेही बरोबर असेल तर क्रॉसच्या टोप्या तपासा. बसवताना आतली एक सुई आडवी पडून तळाशी गेली की टोपी पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत अर्धवटच बसते. जोर करून बसवलेली अशी टोपी शाफ्टला मध्यापासून हलवते. टोपी काढा, सुया मोजा, घट्ट ग्रीसमध्ये उभ्या चिकटवा आणि पुन्हा बसवा. क्रॉस हातानं चारी दिशांना सारखा हलला पाहिजे.

पावसाळ्यानंतर ऑस्टिन बाहेर काढली. मागच्या एका ब्रेक ड्रममध्ये तेल, आणि डिफरन्शिअलचं तेल ताकासारखं झालंय. सील गेल्या वर्षीच बदललं होतं. गाडी फेरीबोटीनं नेहमी पलीकडे जाते.
— एक वाचक, चोडण

दोन्हींचं मूळ बहुधा एकच: एक्सलच्या हाऊसिंगवरचा ब्रीदर बंद आहे. छोटी टोपी किंवा नुसतं भोक असतं, आणि आपल्याकडे त्यावर चिऱ्याच्या लाल धुळीचा थर बसतो. शेडमध्ये चार महिने उभी गाडी असेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. मग गाडी चालून एक्सल तापला की आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसते, आणि ती तेलाला सीलच्या ओठातून ड्रमकडे ढकलते. फेरीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी गरम एक्सल पाण्यात उतरला की उलटं होतं: आतली हवा एकदम आकसते आणि त्याच ओठातून खारं पाणी आत ओढून घेते. तेव्हा नवीन सील घालण्यापूर्वी ब्रीदरमधून तार घाला आणि तोंडानं फुंकून वारा जातोय ना ते बघा.

पांढरं तेल लगेच काढा. खारं पाणी आत राहिलं तर बेअरिंगच्या रोलरवर जिथे ते थांबलं असेल तिथे आडव्या काळ्या रेघा उमटतात, आणि त्या रेघा नंतर घरघर करतात. अर्धा लिटर हलकं इंजिन ऑइल घालून, दोन्ही चाकं स्टँडवर उचलून हातानं फिरवा, काढा; पाणी दिसेनासं होईपर्यंत पुन्हा करा. डिझेलनं धुतलंत तर शेवटी तेलानं धुवाच, डिझेल बेअरिंगवर संरक्षण ठेवत नाही. झाकण काढता येत असेल तर रोलर बॅटरीच्या उजेडात हळूहळू फिरवून पाहा.

ड्रमकडचं सील काढलंत की ते जिथे घासतं ती जागा बोटानं चाचपा. खाच असेल तर नवं सीलही महिनाभरच टिकेल; सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवलं की ओठाला कोरी जागा मिळते. बीएमसीच्या (ऑस्टिन-मॉरिस बनवणाऱ्या कंपनीच्या) छोट्या एक्सलवर आणखी एक गोष्ट असते: हबमधलं बेअरिंग पेपर पॅकिंगच्या वर एक ते चार हजारांश इंच उभं राहिलं पाहिजे, म्हणजे हाफ शाफ्टचा फ्लँज ते दाबून धरतो. जाड पॅकिंग किंवा सिलिकॉनचा थर लावला की ती दाब नाहीशी होते, बेअरिंग हबमध्ये हलतं आणि तेल पुन्हा येतं. काही एक्सलांवर डाव्या बाजूच्या हब नटचे आटे उलटे असतात. लांब पाइप लावून जोर करण्याआधी आटे कोणत्या दिशेनं चढतात ते बघा. तेलानं भिजलेले ब्रेक लायनिंग पेट्रोलनं धुऊन परत वापरू नका, ते तापले की तेल पुन्हा वर येतं. दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवाल तेव्हा निदान पंधरा दिवसांनी एकदा पंधरावीस किलोमीटर फिरवा. शेडमधल्या शेडमध्ये हलवून भागत नाही. तेलाबाहेर राहिलेला क्राऊनचा वरचा भाग ओला व्हायला आणि आतला दमटपणा जायला एक्सल कोमट व्हावा लागतो. परत आल्यावर हात लावून पाहा, हाऊसिंग उबदार लागलं तर पुरेसं झालं. धक्क्यावर उतरायचं असेल आणि एक्सल गरम असेल, तर रांगेत दहा मिनिटं थांबून मगच बोटीत चढवा.